फॅटी लिव्हरला काविळीचं पथ्य लावू नका : यकृतासाठी खाताना होणाऱ्या चुका

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं आलं की आमच्या नागपुरात घरातलं कोणीतरी मोठं माणूस लगेच सांगतं, ‘तेल-तूप बंद कर अन् उसाचा रस पी.’ बाबांच्या वेळी आम्हीही तेच केलं. दोन महिने रोज संध्याकाळी रसवंतीवरचा मोठा ग्लास, जेवायला मऊ वरण-भात, मधे भूक लागली तर मुरमुरे. तिसऱ्या महिन्यात वजन दोन किलोंनी वाढलं होतं आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) आधीपेक्षा वर गेलं होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी ती सांगते. हे पथ्य काविळीचं आहे. काविळीत माणसाला मळमळतं, अन्नावरची वासना जाते, म्हणून हलकं आणि गोड द्यायची पद्धत पडली. (तिथेही रसाने कावीळ बरी होत नाही. उलट, रस्त्यावरच्या रसातलं पाणी आणि बर्फ दूषित असेल तर त्यातूनच हेपॅटायटिस ए आणि ई हे कावीळ करणारे विषाणू पोटात जातात.) फॅटी लिव्हरचं गणित उलटं आहे. यकृतात साठणारी चरबी फक्त तेलातून येत नाही. जास्तीची साखर आणि पिठूळ अन्न यांचीही यकृत चरबीच करतं. साध्या साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज (फळांतही असणारी साखर) असतो आणि तो मुख्यतः यकृतातच पचवला जातो. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात साखर सहज ३० ग्रॅमच्या वर भरते. तेल बंद आणि साखर चालू, म्हणजे एक दार लावून दुसरं सताड उघडं ठेवणं.

संत्र्याचंही तसंच. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की एक-दोन रोज खा, चोथ्यासकट खा. पण एका ग्लास ज्यूसला तीन-चार संत्री लागतात. चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी पोटात जाते. संत्रा बर्फीला तर फळ म्हणूच नका.

आता तर्री पोहे. पोह्यांवर राग नको. बघायचं ते तर्रीवर तरंगणारं तेल, सोबतचा समोसा आणि वरून घेतलेला गोड चहा. रविवारी एकदा ठीक आहे, पण ऑफिसला जाताना रोजचा नाश्ता तोच असेल तर कोणतीही गोळी पुरी पडणार नाही. सावजी रस्स्यातले मसाले लिव्हर खराब करत नाहीत. बाधतं ते तेल, आणि त्याच्यासोबत घेतली जाणारी दारू. फॅटी लिव्हर असताना ‘थोडीशी’ दारूही नको.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांमध्ये ‘लिव्हर साफ करणारे’ रस फार चालतात. यकृत धुवायला लागत नाही, ते स्वतःच शरीराची सफाई करतं. लवकीचा (दुधी भोपळ्याचा) रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका, तो विषारी ठरू शकतो. गुळवेलही आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे.

एक चूक स्वयंपाकघरातली. पावसाळ्यात बुरसलेले, काळपट, कडवट फल्लीदाणे (शेंगदाणे) भाजून चटणीत घालतो आपण. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाचं कारण ठरू शकतं आणि घरच्या भाजण्याने ते पूर्ण जात नाही. डब्बाभर असले तरी टाकून द्या. एवढं मात्र हात आखडता न घेता करा.

मग खायचं काय? आपल्या आजीचं ताट. ज्वारीची भाकर, कमी तेलाचं चून (पिठलं), अंबाडीची भाजी, बरबटीची (चवळीची) उसळ, जवसाची चटणी, ताक. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर दिवसाला दोन कप चांगले; कॉफी पिणाऱ्यांच्या यकृतात जखमेचे व्रण कमी आढळतात. भाकरी दोन, भाजी मात्र वाटीभर नको, ताटभर हवी.

हे सगळं करूनही रिपोर्ट हलत नसेल तर आधी चहा मोजा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे रोजची ४० ग्रॅम साखर, आणि ती कोणी जेवणात धरत नाही. मग कमरेला टेप लावा. पुरुषांमध्ये ९० आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर बारीक दिसणाऱ्या माणसालाही धोका आहे. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. बाबांना त्याला आठ महिने लागले. घाई करून उपाशी राहू नका, फार झपाट्याने वजन उतरलं तर यकृताला त्रास होतो.

एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, चरबी असूनही ते नॉर्मल असू शकतं. वजन उतरूनही आकडे वरच राहिले तर हेपॅटायटिस बी, सी आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं त्यांना दाखवा. डोळे पिवळे दिसले, पोटात पाणी भरल्यासारखं फुगलं, पायावर सूज आली, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा माणूस बरळू लागला, तर आहार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.