राष्ट्रगीतावेळच्या निषेधाने प्रेक्षक खरोखर दुरावतात का, हे कसे तपासावे

खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्यामुळे प्रेक्षक दुरावले, हे विधान अमेरिकी फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या लीगबद्दल इतक्या सहजपणे केले जाते की ते पारखून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. या विषयावर बातमी, लेख किंवा अभ्यासप्रकल्प लिहिणाऱ्यांनी ते कसे पारखावे, याची एक रीत येथे मांडली आहे.

प्रथम घटनाक्रम तारखांसह लिहून काढावा. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक (संघाच्या चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू) कॉलिन कॅपरनिक ऑगस्ट २०१६ मधील सराव सामन्यांच्या वेळी राष्ट्रगीत सुरू असताना बसून राहिला. पोलिसी अत्याचार आणि वर्णभेद ही त्याने दिलेली कारणे होती. नेट बॉयर या माजी सैनिक-खेळाडूशी चर्चा झाल्यानंतर १ सप्टेंबरपासून तो बसण्याऐवजी गुडघा टेकू लागला. त्यानंतर २२ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अलाबामातील सभेत अशा खेळाडूंना संघातून काढून टाकावे असे म्हटले आणि लगेचच्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी बसले किंवा गुडघ्यावर टेकले. तोपर्यंत कॅपरनिककडे संघच उरला नव्हता. म्हणजे २०१६ चा निषेध पोलिसांच्या वर्तनाविरुद्ध होता, तर सप्टेंबर २०१७ चा बराचसा भाग राष्ट्राध्यक्षांना दिलेले उत्तर होता. या दोहोंचा परिणाम एकाच आकड्यात मोजणारा लेख वाचायला घेतला, तर त्याच्याकडे संशयानेच पाहावे.

त्यानंतर ‘पाठिंबा’ म्हणजे नेमके काय मोजले आहे ते ठरवावे. चाहता पाहणीत काय सांगतो, घरी दूरचित्रवाणीवर काय पाहतो आणि खिशातून पैसे कशावर खर्च करतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिशेने जातीलच असे नाही.

पाहणीचा आकडा वाचताना तो कोणाच्या टक्केवारीचा आहे, हे सर्वांत आधी पाहावे. जे. डी. पॉवर या संस्थेची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यातील ‘२६ टक्के’ हा आकडा सर्वत्र झळकला, परंतु हे २६ टक्के सर्व उत्तरदात्यांचे नव्हते. आपण आधीपेक्षा कमी सामने पाहिले असे सुमारे १२ टक्के लोकांनी सांगितले होते आणि त्या १२ टक्क्यांपैकी २६ टक्क्यांनी राष्ट्रगीतावेळच्या निषेधाचे कारण दिले होते. गुणाकार केल्यास हे प्रमाण एकूण उत्तरदात्यांच्या सुमारे तीन टक्के भरते. त्याच पाहणीत, आपण अधिक सामने पाहिले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कमी पाहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होते. तीन टक्के ही नगण्य संख्या नाही, पण मथळ्यांवरून होणारा समज आणि ही संख्या यांत फार अंतर आहे.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येकडे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण खरी गफलत तेथेच होते. एनएफएलच्या नियमित हंगामाची सरासरी प्रेक्षकसंख्या २०१६ मध्ये सुमारे ८ टक्क्यांनी व २०१७ मध्ये जवळजवळ १० टक्क्यांनी घटली, तर २०१८ मध्ये ती सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. येथे स्वतःला विचारावे की निषेध झालाच नसता तर हे आकडे कुठे असते. २०१६ च्या हंगामाचा पूर्वार्ध अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत गेला. क्लिंटन-ट्रम्प यांच्या तीन वादचर्चांपैकी २६ सप्टेंबर आणि ९ ऑक्टोबरच्या चर्चा थेट रात्रीच्या सामन्यांच्या वेळेवर आल्या, आणि मतदानानंतर घसरण बरीच कमी झाली. नामवंत क्वार्टरबॅकांपैकी पेटन मॅनिंग निवृत्त झाला होता, टॉम ब्रेडी पहिल्या चार सामन्यांसाठी निलंबित होता आणि पुढच्या वर्षी आरन रॉजर्ससारखे मोठे खेळाडू दुखापतींमुळे बाहेर गेले. शिवाय केबल जोडण्या सोडणाऱ्या घरांमुळे इतर कार्यक्रमांचेही प्रेक्षक घटत होते. तेव्हा केवळ एनएफएलचा आलेख न पाहता त्याच काळातील इतर खेळांचा आणि मनोरंजन कार्यक्रमांचा आलेख शेजारी ठेवावा. २०२० मध्ये एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेचे प्रेक्षक निम्म्यावर आले तेव्हा दोष गुडघा टेकणाऱ्यांना दिला गेला, मात्र ज्या आइस हॉकीत असा निषेध तुरळक होता तिच्याही अंतिम मालिकेला महामारीमुळे लांबलेल्या त्या हंगामात मोठा फटका बसला होता. आणखी एक साधी बाब अशी की, अमेरिकी वाहिन्या नेहमीच्या सामन्यांत राष्ट्रगीत सहसा दाखवतच नसत. घरच्या प्रेक्षकापर्यंत निषेध पोहोचला तो मुख्यतः बातम्यांतून आणि राजकीय भाषणांतून.

मैदानावरील उपस्थितीचे आकडे मी शेवटच्या क्रमांकावर ठेवतो. हंगामी तिकिटे आधीच विकलेली असतात आणि जाहीर होणारी संख्या बहुधा वाटप झालेल्या तिकिटांची असते, भरलेल्या खुर्च्यांची नव्हे. त्यातच २०१७ मध्ये चार्जर्स संघ सॅन दिएगोचे मोठे मैदान सोडून सुमारे २७ हजार क्षमतेच्या मैदानावर खेळू लागला, त्यामुळे लीगची सरासरी कोणी रागावले नसते तरीही उतरलीच असती.

पैशाच्या बाबतीत, कोण बोलत आहे आणि त्याचे हित कशात आहे, हे पाहावे. तेव्हा लीगची प्रायोजक असलेल्या पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीच्या प्रमुखांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मंदावलेल्या विक्रीचे खापर एनएफएलवर फोडले, तर स्पर्धक पिझ्झा हटच्या मूळ कंपनीने आपल्यावर असा परिणाम दिसत नसल्याचे सांगितले आणि पुढच्याच वर्षी लीगचे प्रायोजकत्व पिझ्झा हटकडे गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये नायकीने कॅपरनिकला जाहिरातीत घेतले तेव्हा समभाग सुमारे तीन टक्क्यांनी घसरले, पण त्याच महिन्यात ते उच्चांकावर पोहोचले. जर्सींची विक्री तर दोन्ही बाजूंनी वाढली. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅपरनिकची जर्सी लीगच्या अधिकृत ऑनलाइन दुकानातील विक्रीत अव्वल ठरली, आणि २०१७ मध्ये सहकारी आत थांबलेले असताना राष्ट्रगीतासाठी बाहेर उभा राहिलेला स्टीलर्स संघाचा अलेहांद्रो व्हियानुएवा, जो स्वतः माजी सैनिक होता, त्याच्या जर्सीवर लोक तुटून पडले. माझे मत असे की एकूण पाठिंबा फारसा आटला नाही. तो राजकीय रेषेवर दुभंगला, आणि सरासरीत हे दुभंगणे दिसत नाही. म्हणून उपलब्ध असेल तेथे पक्ष, वय आणि वर्ण यांनुसार विभागलेले आकडेच वापरावेत.

हीच रीत दुसऱ्या देशाला जशीच्या तशी लावू नये. अमेरिकेत राष्ट्रगीत प्रत्येक देशांतर्गत सामन्याआधीही होते, आपल्याकडे ते प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांशी जोडलेले आहे. देशात सरकारविरोधी आंदोलन सुरू असताना इराणच्या फुटबॉलपटूंनी २१ नोव्हेंबर २०२२ रोजी विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीत म्हटले नाही, तेव्हा त्यांच्याच अनेक समर्थकांनी त्या गीताची हुर्यो उडवली. चार दिवसांनी वेल्सविरुद्ध खेळाडूंनी ते म्हटले, तेव्हाही प्रेक्षकांतून निषेधाचे सूर उमटले. अशा प्रकरणात प्रेक्षकसंख्या किंवा जर्सींच्या विक्रीतून काही हाती लागत नाही, तेथे प्रत्येक सामन्याचे प्रत्यक्षदर्शी वार्तांकन एकमेकांशी ताडून पाहावे लागते.