भरली ट्रॉली घेऊन घाट उतरताना

मे महिन्यात परतवाड्याहून सेमाडोह किंवा चिखलदऱ्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली न्यायची असेल, तर ट्रॉलीच्या चाकांतली हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. दुपारी डांबर तापलं की हवेचा दाब वाढतो. तो पाहून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते, बाजू जास्त दबतात, तापतात आणि टायर फुटतो.

दोनचाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) थोडं पुढे ठेवा. मागे गेलं तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पिनेला लॉक घाला, वर साखळीही लावा. ट्रॉली टॉपलिंकला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या वरच्या दांड्याला, बांधायची नाही, चढावर पुढची चाकं उचलतात.

निघण्याआधी डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. उतरताना खालचा गिअर उताराच्या आधीच टाका. क्लच दाबून, न्यूट्रलवर डिझेल वाचवणारे बरेच दिसतात, पण तेव्हा इंजिनाचा रोध जातो आणि ट्रॉली मागून ढकलते. वळणावर जोरात ब्रेक मारला की ती आडवीच येते. वेग वळणाआधी कमी करा.