टॉर शिकताय? आधी आजूबाजूची गर्दी मोजा

टॉर, म्हणजे ओळख झाकून नेट वापरायचं नेटवर्क, कसं चालतं, तीन रिले (मधले सर्व्हर) कशाला लागतात, डॉट ओनियन पत्ता म्हणजे काय, हे सगळं तुम्ही यूट्यूबवर पाहिलंच असेल. मला उशिरा कळलेली गोष्ट त्या व्हिडिओंत नसते, कारण ते पुण्या-बेंगळुरूत बसून केलेले असतात. दारव्ह्याच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराचं गणित वेगळं आहे.

तुम्ही काय पाहता ते टॉर झाकतं. पण तुम्ही टॉर वापरताय, हे साध्या सेटिंगमध्ये झाकलं जात नाही. रिलेंचे पत्ते जाहीर असतात. वायफाय चालवणाऱ्याला आणि नेट देणाऱ्या कंपनीला ते ओळखता येतात. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी मेल केली. टॉर कोणीही फोडलं नाही. त्या वेळी कॅम्पसच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलेलं होतं, एवढं पाहून तपास त्याच्यापर्यंत पोचला आणि त्यानं कबूल केलं.

आता हार्वर्डच्या जागी आपली अभ्यासिका ठेवा. सगळी पोरं तलाठी नाहीतर पोलीस भरतीच्या मागे, टॉर उघडणारे तुम्ही एकटे. यात्रेत कोणी कोणाला ओळखत नाही, पण मोकळ्या वावरात धुऱ्यावरून चालणारा माणूस लांबूनही ओळखू येतो.

ब्रिज (जाहीर यादीत नसलेला रिले) लावला की वापर बऱ्यापैकी झाकला जातो, पण वेळ चुगली करतेच. 2012 मध्ये शिकागोत जेरेमी हॅमंड या हॅकरच्या घरावर एफबीआयची पाळत होती. तो घरात असण्याच्या वेळा आणि त्याचं टोपणनाव ऑनलाइन दिसण्याच्या वेळा त्यांनी जुळवून पाहिल्या. आपल्याकडे तर दारात माणूस उभा करायचीही गरज नाही. लाइन गेली की राउटर बंद, टोपणनाव गायब. लाइन आली की हजर. कोणी चिकाटीनं या वेळा टिपल्या तर तुमचा विजेचा फीडर कोणता, इथपर्यंत पोचता येतं. जाहीर नावानं कुठे लिहीत असाल आणि दोन्ही नावं एकाच वेळी गप्प होत असतील, तर फीडरचीही गरज नाही.

शॉर्टकट विकणाऱ्यांपासून लांब राहा, बावा. अमरावतीच्या एका क्लासनं आमच्याकडून फी घेऊन नुसत्या डार्क वेबवरच्या बेकायदा मार्केटच्या लिंका दाखवल्या. नेटवर्किंगचा पाया असलेल्या टीसीपीचं नावही काढलं नाही. त्या लिंकांवर ‘अभ्यासासाठी’ म्हणून काही विकत घेऊ नका. 2017 मध्ये हान्सा हे मार्केट जवळपास महिनाभर डच पोलीसच चालवत होते आणि गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता.

घाबरून सोडूनही देऊ नका. भारतात टॉर वापरण्यावर बंदी नाही, आणि थ्रेट इंटेलिजन्सच्या (सायबर धोक्यांची माहिती काढण्याच्या) कामात हे ज्ञान लागतंच. घरच्या नेटवर, स्वतःच्या लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करा, मग टॉर उघडा. टॉरचा जवळपास सगळा डेटा एक-दोन आयपी पत्त्यांकडेच धावताना दिसेल. त्यातला आयपी टॉर मेट्रिक्स या टॉरच्याच साइटवरच्या रिले सर्चमध्ये टाका. गार्ड रिलेचं (तीनातल्या पहिल्या रिलेचं) टोपणनाव, देश, सगळं समोर येतं. तुम्हाला जे दिसलं, तेच नेटवाल्यालाही दिसतं. यानंतर ब्रिज लावून आता दिसणारा आयपी तसाच शोधा आणि फरक वहीत लिहा. 4 जीबी रॅमवर एवढं निभतं. व्हर्च्युअल मशीनच्या नादी मात्र इतक्यात लागू नका, लॅपटॉप हँग होईल.