आर्डुइनो नॅनोने एलएफपी पॅकच्या प्रत्येक सेलची नोंद कशी ठेवावी

चार सेलच्या १२.८ व्होल्ट एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅकचा नुसता एकूण व्होल्टेज बघून फारसं काही कळत नाही. डिस्चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात सेल ३.२-३.३ व्होल्टवरच रेंगाळतो आणि एक सेल कमजोर असला तरी बाकीचे तिघं त्याला झाकून नेतात. म्हणून चारही सेल वेगवेगळे मोजायचे, सोबत करंट.

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एडीएस१११५ (व्होल्टेज मोजणारी चिप), आयएनए२२६ (शंटवरून करंट मोजणारी चिप), डीएस३२३१ घड्याळ, ५ व्होल्टवर चालणारं मायक्रो एसडी मॉड्यूल, ५० अँपिअर-७५ मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर), १ टक्कावाले १० किलोओहमचे दहा रेझिस्टर आणि फ्यूज.

१. बॅलन्स कनेक्टरची (पॅकच्या प्रत्येक सेलवरून आलेल्या बारीक वायरींच्या जोडाची) काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर नॅनोच्या ग्राउंडला जोडा. पहिल्या सेलची वायर एका रेझिस्टरमधून थेट एडीएसला न्या. दुसऱ्या वायरीला वर (वायर आणि एडीएसच्या इनपुटमध्ये) एक, खाली (इनपुट आणि ग्राउंडमध्ये) एक रेझिस्टर. तिसरीला वर दोन, खाली एक. चौथीला वर तीन, खाली एक. पूर्ण चार्ज पॅक १४.६ व्होल्टवर असला तरी चारही इनपुटवर ३.६५ च्या वर जात नाही. एडीएसची रेंज ४.०९६ व्होल्ट ठेवा.

२. शंट पॉझिटिव्ह बाजूला, फ्यूजनंतर बसवा. निगेटिव्हला बसवला तर ग्राउंडच हलतं. आयएनए२२६ च्या बोर्डावर बहुधा 'आर१००' लिहिलेला ०.१ ओहमचा शंट असतो. तो ०.८ अँपिअरपर्यंतच मोजतो, म्हणून आधी काढून टाका. आयएनए२२६ ला जाणाऱ्या सेन्सच्या दोन वायरी शंटच्या छोट्या स्क्रूंवरूनच घ्या. मोठ्या बोल्टवरून घेतल्या तर जोडातला रेझिस्टन्सही मोजला जातो.

३. नॅनोला वेगळ्या मोबाइल चार्जरवरून वीज द्या. बीएमएसच्या (पॅकला जपणाऱ्या सर्किटच्या) 'पी मायनस'ला, म्हणजे लोडच्या निगेटिव्ह टोकाला, याचं ग्राउंड चुकूनही लागू देऊ नका. बीएमएसने लोड तोडला तरी करंट तुमच्या बारीक वायरीतून वाट काढेल. नॅनो आधी चालू करायचा, बॅलन्स कनेक्टर नंतर लावायचा. उलटं केलं तर वीज नसलेल्या एडीएसच्या इनपुटवर व्होल्टेज चढतो.

४. घड्याळाच्या निळ्या मॉड्यूलमध्ये सीआर२०३२ घालणार असाल तर चार्जिंगच्या वाटेतला डायोड काढा. हा सेल चार्ज करायचा नसतो.

५. दर १० सेकंदांना एक ओळ लिहा: वेळ, चार सेल, करंट. दिवसाच्या ८,६४० ओळी होतात. फ्लश (रॅममधल्या ओळी कार्डावर उतरवणं) दर सहा ओळींनी करा, म्हणजे वीज गेली तर फार तर एक मिनिट बुडेल. नॅनोची रॅम फक्त २ किलोबाइट आणि एसडीच्या बफरलाच ५१२ बाइट लागतात, त्यामुळे लांबलचक स्ट्रिंग टाळा. रॅम भरली की प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता अडकतो.

आता कॅलिब्रेशन, इथे घाई नको. चौथा सेल म्हणजे चौथ्या वायरीतून तिसरी वजा. रेझिस्टर १ टक्क्याचे असले तरी वाईटात वाईट धरून चौथ्या वायरीचं माप दीड टक्का चुकतं, म्हणजे १३.२ व्होल्टला जवळजवळ २०० मिलिव्होल्ट, आणि त्याचा सगळा दोष धडधाकट चौथ्या सेलवर येतो. मल्टिमीटरने काळ्या वायरीपासून प्रत्येक वायर मोजा, त्या आकड्याला एडीएसच्या आकड्याने भागा आणि येणारा गुणक प्रोग्राममध्ये टाका. चारही वायरींचे गुणक वेगळे येतील.

नोंद नको असेल तेव्हा बॅलन्स कनेक्टर काढून ठेवा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वायरीवरचे वर-खाली रेझिस्टरांचे तीन डिव्हायडर प्रत्येकी ०.३३ मिलिअँपिअर ओढतात. खालच्या दोन सेलमधून ते तिन्ही वाहतात, सगळ्यात वरच्यातून एकच. महिनाभर तसंच राहिलं तर खालचे दोन सेल सुमारे ०.७ अँपिअर-अवर गमावतात आणि वरचा ०.२४. मग नोंदीत दिसणारा असमतोल तुमच्या लॉगरनेच केलेला असतो.