जेटपॅकचा व्हिडिओ बघितलात? आधी एवढं तपासा

कुणीतरी जेटपॅक घालून समुद्रावरून सुसाट जातोय असा व्हिडिओ आला की पहिला प्रश्न ठरलेला, याने ऑफिसला जाता येईल का? याचं उत्तर आपलं आपल्याला काढता येतं, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

सगळ्यात आधी हवेत किती मिनिटं राहतं ते शोधा, स्पीड आणि किंमत नंतर. 1961 मध्ये अमेरिकेत बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट उडाला तो जेमतेम 20 सेकंद चालायचा. आजचा ग्रॅव्हिटी इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीचा जेट सूट घ्या, हातांवर दोन दोन आणि पाठीवर एक अशी पाच छोटी टर्बाइन म्हणजे जेट इंजिनं, 2019 मध्ये ताशी 136 किमीचा रेकॉर्ड केलाय, पण हवेत राहतो थोडीच मिनिटं, कारण मिनिटाला साधारण 4 लिटर इंधन पितो.

आता दादर ते ठाणे हिशोब मांडा. सरळ रेषेतही 20 किमीपेक्षा थोडं जास्तच आहे, तरी 20 धरा, ताशी 80 ने गेलात तर 15 मिनिटं, म्हणजे 60 लिटर, म्हणजे जवळजवळ 48 किलो वजन नुसत्या इंधनाचं आणि ते उचलायला अजून इंधन लागणार ते वेगळंच. पंख नसले की अख्खा भार इंजिनावर येतो, सगळं गणित इथेच अडतं. फ्रेंच संशोधक फ्रँकी झापाटाने ऑगस्ट 2019 मध्ये फ्लायबोर्डवर, म्हणजे पायाखाली जेट इंजिनं असलेल्या फळीवर उभं राहून, इंग्लिश खाडी पार केली, सुमारे 35 किमी, 22 मिनिटांत, खरंच जबरदस्त काम आहे ते, पण मध्ये बोटीवर उतरून इंधन घ्यावं लागलंच.

बॅटरीवाली घेऊ म्हणाल तर जेटसन वनसारखी एका माणसाची मशीन आहे, तिचा टाइम कंपनीच 20 मिनिटांच्या आसपास सांगते, आणि पायलटच्या वजनाला 95 किलोची मर्यादा आहे. ब्रोशरमध्ये ही वजनाची ओळ जरूर वाचा, सोबत लॅपटॉपची बॅग धरून.

दुसरा प्रश्न, बंद पडलं तर काय? पॅराशूट उघडायला उंची लागते. 20-30 मीटरवर इंजिन गेलं तर साधं पॅराशूट उघडेपर्यंत आपण खाली, आणि तिथून पडणं म्हणजे सातव्या ते दहाव्या मजल्यावरून पडणं. म्हणूनच डेमो बहुतेक पाण्यावर किंवा जमिनीला धरून असतात. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा आणि उत्तर गोलमोल आलं तर विषय तिथेच संपवा.

मग जागा. मुंबईत सांताक्रूझचा एअरपोर्ट, जुहूचं एरोड्रोम, नेव्हीचा भाग, ट्रॉम्बेचं बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, सरळ उडायला मोकळं आकाश उरतंच कुठे? खाली रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या वायरी, वर घारी, जानेवारीत मांजा. परवानगी डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) यांच्याकडून लागते, आणि टर्बाइनचा आवाज आणि खालची गरम हवा सोसायटीच्या गच्चीवर कोण चालवून घेणार?

मग हे फालतू आहे का? अजिबात नाही. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात 2020 मध्ये बचावकार्यासाठी चाचणी झाली, पायी 25 मिनिटं लागली असती तिथे जेट सूटवाला 90 सेकंदांत पोचला. आपल्या आर्मीनेही जानेवारी 2023 मध्ये 48 जेटपॅक सूटसाठी मागणी काढली होती. थोडंच अंतर, रस्ता नाही, आणि मिनिटाला जिवाची किंमत, अशा ठिकाणी या मशीनला तोड नाही.

तुम्हाला खरंच उडायचंय ना, तर पॅराग्लायडिंगसाठी कामशेत गाठा. लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल पकडायची, पावसाळा सोडून जायचं, आधी ट्रेनरसोबत टँडम, म्हणजे एकाच पंखाखाली दोघांनी उडणं, करायचं आणि आवडलं तर बेसिक कोर्सला बसायचं. इंजिन नाही, पंख आहे, म्हणून वारा चांगला असेल तर कितीतरी वेळ वर राहता येतं. पैसे देण्याआधी ट्रेनरचं सर्टिफिकेट बघा, रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी पॅक केलं ते विचारा, आणि वारा जास्त आहे म्हणून त्याने आज नको म्हटलं तर हुज्जत न घालता परत या.