खेळातली शेती, खेळातला बाजार: वास्तव कोठे ठेवावे आणि कोठे सोडावे

कांद्याच्या शेतीवरचा एक लहान गेम मी नाशिकमध्ये राहून तयार करीत आहे. त्याचा पहिला कच्चा नमुना मी निफाड तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या मामांना खेळायला दिला. त्या नमुन्यात रोप लावल्यापासून नऊ मिनिटांत पीक निघत होते, एकटा माणूस पाच एकरांची काढणी उरकत होता आणि भरलेली ट्रॉली एका क्षणात लासलगावच्या बाजार समितीत पोहोचत होती. मामांनी यांपैकी कशालाही हरकत घेतली नाही. माना पडल्यानंतरही, म्हणजे कांदा तयार होऊन पात आडवी झाल्यावरही, त्यांनी मुद्दाम पाणी देत राहून पाहिले, आणि तरीही गेममधला कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, पूर्वीइतकाच टिकला, तेव्हा मात्र त्यांनी फोन खाली ठेवला. आकारमान, वेळ आणि अंतर यांतला खोटेपणा खेळाडू सहज मान्य करतो. कारण आणि परिणाम यांचे नाते तुटले, की त्याचा त्या जगावरचा विश्वास उडतो. साधने गोळा करण्याचा आणि त्यांच्या बाजाराचा कोणताही गेम मांडताना मी जी पद्धत वापरतो, ती या एका निरीक्षणावर उभी आहे, आणि ती येथे क्रमाने सांगत आहे.

प्रथम खरी साखळी कागदावर लिहून काढावी. उन्हाळ (रब्बी) कांद्याची साखळी अशी आहे: बी टाकून रोप तयार करणे, साधारण सात-आठ आठवड्यांनी पुनर्लागवड, खत-पाणी, फवारणी, काढणीपूर्वी पाणी तोडणे, माना पडल्यावर काढणी, पातीसह शेतात सुकवणी, पात कापणे, निवड, चाळीत साठवण, वाहतूक, लिलाव, वजन आणि पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती). प्रत्येक पायरीसमोर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: येथे खेळाडूला काही निवडता येते का, आणि त्या निवडीचा परिणाम पुढे कोठे दिसतो? ज्या पायरीला दोन्ही उत्तरे आहेत, तेथे वास्तव तपशिलाने ठेवावे. ज्या पायरीला एकही उत्तर नाही, ती एक कळ दाबून संपवावी.

पुनर्लागवड हे याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्यक्षात शेतातले सर्वांत कष्टाचे काम हेच असते. बहुतांशी स्त्रिया दिवसभर वाकून एकेक रोप लावत जातात. गेममध्ये मात्र खेळाडूने ठरवायचे ते फक्त लागवडीचा दिवस आणि रोपांमधले अंतर. म्हणून शेकडो वेळा बोट दाबायला लावण्याऐवजी मी हे काम दोन निर्णयांपुरते ठेवले. यात एक धोका आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: काम लपवले, की ते करणारी माणसेही लपतात. त्यामुळे मजुरी हिशेबातून काढू नये, आणि लागवडीच्या हंगामात मजूर मिळण्याची अडचणही ठेवावी. मजुरांची टोळी दोन दिवस उशिरा आली तर काय करायचे, हा खेळाडूसमोरचा खरा आणि चांगला पेच आहे.

वजनाच्या बाबतीत माइनक्राफ्टकडे पाहावे. २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या या गेममधला एक ठोकळा एक घनमीटरचा मानला जातो, आणि पिशवीच्या एका खणात असे ६४ ठोकळे मावतात. सोन्याच्या एका घनमीटराचे वजन १९ टनांहून अधिक भरते. म्हणजे खेळाडू एका खणात बाराशे टनांहून अधिक सोने घेऊन धावत असतो. तसेच झाडाचे खोड मधून तोडले तरी वरचा भाग हवेत तसाच राहतो, पण वाळू मात्र खाली कोसळते. यावर कोणी रुसत नाही, कारण दोन नियम अढळ आहेत. खण मोजकेच असल्यामुळे काय उचलायचे आणि काय टाकायचे हे ठरवावे लागते, आणि लोखंडी किंवा त्याहून वरच्या कुदळीशिवाय हिरा हाती येत नाही. वजन खोटे आहे, पण मर्यादा खरी आहे. आपल्या गेममध्ये ट्रॉलीत वीस क्विंटल मावतात की चाळीस, याला फारसे महत्त्व नाही. एका फेरीत सगळा माल जात नाही, याला आहे.

वेळ किती आखडावा, हे गेमच्या चालीवर ठरते. स्टारड्यू व्हॅली या शेतीवरच्या गेममध्ये एक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि पहाटे सहापासून रात्री दोनपर्यंतचा एक दिवस आपल्या सुमारे १४ मिनिटांत संपतो. तरीही ऋतू संपताच त्या ऋतूचे पीक मरते, त्यामुळे पेरणीची तारीख चुकवल्याची किंमत खरीच मोजावी लागते. उलट रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये शिकारीनंतर कातडे सोलण्याची पूर्ण कृती पाहावी लागते आणि मोठे जनावर घोड्यावर लादून न्यावे लागते. त्या गेमची सगळी चालच संथ असल्यामुळे ते तेथे शोभते. हाच संथपणा उसना घेऊन रोज दोनशे वेळा करायच्या कामाला जोडला, तर पहिल्या तासानंतर ती निव्वळ शिक्षा होते. माझा नियम असा: एखादी कृती खेळाडू एका बैठकीत दहापेक्षा जास्त वेळा करणार असेल, तर तिचे चलचित्र एका सेकंदाच्या आत संपले पाहिजे.

आता चाळीकडे येऊ, कारण साठवण हेच या गेमचे हृदय आहे. शेतीवरच्या बहुतेक गेममध्ये कोठारात टाकलेला माल अनंतकाळ ताजा राहतो, आणि त्यामुळे विक्रीचा निर्णय उरतच नाही. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी मात्र उन्हाळ कांदा चाळीत भरतो तेव्हा एक पैज लावत असतो: दर वाढण्याचा वेग घटीच्या, म्हणजे सुकून-सडून माल कमी होण्याच्या, वेगाहून जास्त असेल, ही ती पैज. माझ्या गेमसाठी मी निवडलेले आकडे असे आहेत. नीट सुकवलेल्या कांद्याची घट पहिले चार आठवडे दर आठवड्याला उरलेल्या मालाच्या १ टक्का, पुढचे आठ आठवडे २ टक्के आणि त्यानंतर, पावसाळी दमट हवेत, ४ टक्के. या हिशेबाने १०० क्विंटलचे चौथ्या आठवड्याअखेर ९६, बाराव्याअखेर ८२ आणि विसाव्याअखेर ५९ क्विंटल उरतात. म्हणजे वीस आठवडे थांबणाऱ्या खेळाडूला केवळ बरोबरी साधण्यासाठी दर सुमारे ७० टक्क्यांनी वाढावा लागतो. माना पडल्यावरही पाणी दिले किंवा सुकवणी टाळली, तर घटीचे तिन्ही दर दुप्पट करावेत. मग विसाव्या आठवड्यात १०० क्विंटलमधले ३४ क्विंटल हाती राहतात आणि दर जवळपास तिप्पट झाला तरच पैज फळते. मामांच्या हरकतीवरचे उत्तर ते हेच.

ढिगाची उंची हा दुसरा निर्णय ठेवावा. उंच ढीग लावला की चाळीत माल जास्त मावतो, पण खालचा कांदा दबतो आणि हवा खेळत नाही. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि शहरातला खेळाडूही दोन हंगामांत ते शिकतो, मात्र त्याला सडण्याची जागा डोळ्यांनी दिसली पाहिजे. केवळ आकडा कमी होताना दाखवला, तर त्याला आपली फसवणूक झाल्यासारखी वाटते.

दर कसा ठरवावा, यासाठी स्थिर दर किंवा आवकेनुसार हलणारा दर हे दोन मार्ग आहेत. स्टारड्यू व्हॅलीमध्ये एकच पीक हजारांनी विकले तरी दर पडत नाही, आणि तेथे ते योग्य आहे, कारण तो गेम बाजाराचा नसून गावातल्या दिनक्रमाचा आहे. एज ऑफ एम्पायर्स २ या युद्धनीतीच्या गेममधल्या बाजारात प्रत्येक खरेदीने साधनाचा दर चढतो, प्रत्येक विक्रीने उतरतो आणि तो सर्व खेळाडूंना समान असतो. कांद्याच्या गेमला हलणारा दरच हवा. दर न हलणारे लासलगाव हे लासलगाव नव्हे. सूत्र साधे ठेवावे: सरासरी आवकेला सध्याच्या आवकेने भागावे, त्या भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि मूळ दराला त्याने गुणावे. मूळ दर १,५०० रुपये क्विंटल आणि सरासरी आवक ४०० ट्रॉली धरली, तर ९०० ट्रॉली आल्यावर दर १,००० होतो आणि १०० ट्रॉलीच आल्या तर ३,०००. वर्गमूळ न घेता सरळ भागाकार वापरला, तर १०० ट्रॉलींच्या दिवशी दर ६,००० वर उडी मारतो आणि संयमाने साठवणारा खेळाडू एका दिवसात गेम जिंकून बसतो.

एका दिवसाच्या आवकेने दर पूर्ण बदलू नये, म्हणून त्याला स्मृती द्यावी. कालच्या आवक-निर्देशांकाचे ८० टक्के आणि आजच्या आवकेचे २० टक्के मिळून आजचा निर्देशांक होतो, आणि वरच्या सूत्रात सध्याच्या आवकेच्या जागी तो घालावा. ४०० वर स्थिर असलेल्या बाजारात एकाच दिवशी ९०० ट्रॉली आल्या, तर निर्देशांक ५०० होतो आणि दर सुमारे १,३४० पर्यंत उतरतो. रोजच ९०० येत राहिल्या तर तो हळूहळू १,००० कडे सरकतो. एकट्या शेतकऱ्याच्या एका ट्रॉलीने हा दर हलू देऊ नये. ती असहायता खरी आहे आणि ती काढून टाकली, तर सगळा अनुभवच खोटा ठरतो. मात्र असहाय खेळाडूला वाचता येतील अशी चिन्हे दिली पाहिजेत. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कोठपर्यंत लागले, यावरून नाशिककर गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतो. त्याला क्युसेकचा आकडा ठाऊक असण्याची गरज नसते. बाजार समितीच्या फाटकाबाहेरची ट्रॅक्टरांची रांग हे आपल्या गेममधले तसेच चिन्ह करावे. उन्हाळ, गोल्टी (लहान कांदा) आणि खाद (खराब माल) असे प्रतींचे वेगळे लिलाव ठेवले, तर निवड करण्याच्या पायरीलाही अर्थ येतो.

सर्वांत कठीण प्रश्न अचानक बसणाऱ्या धक्क्यांचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. ज्याने सगळे नीट केले होते, त्याचाही दर अशा वेळी पडतो. द्राक्षबागेवर काढणीच्या तोंडावर होणारी गारपीट हीही त्याच जातीची. काही मित्रांनी मला असे धक्के वगळण्याचा सल्ला दिला, कारण चूक नसताना झालेली शिक्षा खेळाडूला आवडत नाही. मी ते ठेवले आहेत, कारण त्यांच्याशिवाय या जिल्ह्यातल्या शेतीचे चित्र काढणे मला अप्रामाणिक वाटते. मात्र त्यांच्यासोबत तीन अटी पाळाव्यात: धक्क्यापूर्वी निदान अफवेच्या रूपाने एखादी चाहूल असावी, माल विभागून विकणाऱ्याला त्यात बचावाची जागा असावी, आणि एका धक्क्याने गेम संपू नये. कर्ज वाढावे, पण पुढच्या हंगामाचे बी विकत घेण्याइतकी वाट उघडी राहावी.

पैशाचा हिशेब धरणासारखा मांडावा. गंगापूर धरणात आवक किती आणि विसर्ग किती, हे पाहिल्याशिवाय साठ्याबद्दल बोलता येत नाही, तसेच गेममध्ये पैसा कोठून जन्मतो आणि कोठे नाहीसा होतो, याचे दोन रकाने करावेत. लिलावाची पट्टी, अनुदान आणि विमा हे आवकेत; बी, खत, औषधे, मजुरी, हमाली, तोलाई, वाहतूक, डिझेल, व्याज आणि चाळीची दुरुस्ती हे विसर्गात. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनने, म्हणजे असंख्य खेळाडूंच्या सामायिक जगाच्या गेमने, हा हिशेब वास्तवाच्या फार जवळ नेऊन पाहिला होता. जगातली एकूण साधने ठरावीक ठेवायची आणि वापरलेली वस्तू संपली की तेवढेच साधन जगात परत सोडायचे, अशी ती बंद व्यवस्था होती. खेळाडूंनी वस्तू वापरण्याऐवजी साठवून ठेवल्या, नव्या साधनांचा पुरवठा आटला, आणि शेवटी निर्मात्यांना ती पद्धत सोडावी लागली. त्याच गेममधली भक्ष्य-भक्षकांची परिसंस्थाही टिकली नाही, कारण खेळाडू दिसेल तो प्राणी मारत सुटले. विसर्ग खरा असला की काय घडते, ते २००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये दिसते: तेथे लढाईत नष्ट झालेले जहाज कायमचे जाते, त्यामुळे खाणकाम करणाऱ्याच्या मालाला मागणी राहते. त्या गेमच्या निर्मात्यांनी २००७ मध्ये या बाजाराच्या अभ्यासासाठी एक अर्थतज्ज्ञ नेमला होता.

बाजार फार सोयीचा झाला तरी गेम मोडतो. डियाब्लो ३ मधले लिलावगृह २०१२ मध्ये सुरू झाले आणि १८ मार्च २०१४ रोजी निर्मात्यांनीच ते बंद केले, कारण राक्षस मारून शस्त्रे मिळवण्याऐवजी ती विकत घेणे सोपे झाले होते. आपल्या गेममध्ये व्यापाऱ्याकडून तयार कांदा घेऊन तोच चाळीत भरण्याची मुभा द्यायची का, हे ठरवताना हा दाखला समोर ठेवावा. मी ती दिलेली नाही.

चाचणीसाठी गेम पूर्ण होण्याची वाट पाहू नये. हिशेबाच्या साध्या तक्त्यात तीन काल्पनिक खेळाडू उभे करावेत: काढणीनंतर लगेच सगळे विकणारा, निम्मे विकून निम्मे साठवणारा आणि शेवटपर्यंत थांबणारा. पावसाचे आणि आवकेचे आकडे बदलत पन्नास हंगाम चालवावेत. तिघांपैकी एकच जण दर वेळी जिंकत असेल, तर घटीचे दर किंवा सूत्र चुकले आहे. त्यानंतर निदान दोन खऱ्या माणसांना नमुना द्यावा, एक शेती करणारा आणि एक शेतीशी संबंध नसलेला. पहिल्याच्या हरकतींवरून कार्यकारणभाव तपासावा आणि दुसऱ्याच्या कंटाळ्यावरून वेग. दोघांनी एकमेकांविरुद्ध मत दिले, तर मी कार्यकारणभावाच्या बाबतीत शेतकऱ्याचे आणि वेगाच्या बाबतीत दुसऱ्याचे ऐकतो.

गेम लोकांच्या हाती गेल्यावर आकडे बदलावे लागतीलच. ते बदल नेहमी नव्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लागू करावेत आणि आधी जाहीर करावेत. ज्याने जुन्या घटीवर विसंबून शंभर क्विंटल चाळीत भरले आहेत, त्याचा तो ढीग विकून होईपर्यंत घटीच्या जुन्याच दराने मोजावा.