कोकणातला किनारा ठरवताना: आधी तिथी, मग गाव

खोलीचं बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडा आणि जायच्या दिवसाची तिथी बघा. किनारपट्टीवरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चाराने भागायचा, येईल ती साधारण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला (आकडा पंधरा) सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे चांगला जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती काहीशी आधी येते आणि पाणी चढतं-उतरतंही कमी, म्हणून तिथली वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा एखाद्या होडीवाल्या काकांना विचारून पक्की करा.

मुलं बरोबर असतील तर चतुर्थी ते षष्ठी हे दिवस फार सोयीचे. सकाळी नऊ-दहाला ओहोटी संपून पाणी हळूहळू आत यायला लागतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळे समुद्र शांत असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा वाढतात. डुंबायचं ते चढत्या पाण्यात, उतरत्या पाण्यात नाही. ओहोटीची ओढ माणसाला खोल समुद्राकडे नेते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, ही ओढ सर्वांत जास्त, अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीत, सर्वांत कमी. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत बघायचा असेल तर तोही ओहोटीतच, आणि पाणी फिरायच्या आत परत. पौर्णिमेला भर दुपारी तिथे पोचलात तर समोर पाणीच पाणी असेल.

दिवस ठरला की किनाऱ्याचा उतार पाहा. फोटोतल्या निळाईपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. वाळू बारीक, ओली असताना घट्ट, सायकल सहज चालेल अशी असेल तर किनारा सपाट असतो: नागाव, दिवेआगर, दापोलीजवळचं मुरुड. लाटा लांबवर तीन-चार रांगांत फुटतात, पाणी सावकाश खोल होतं. वाळू जाड, टाच रुतणारी असेल आणि लाट एकदम काठावर आदळत असेल तर दोन पावलांत पाणी गळ्याशी येऊ शकतं. काशीद आणि गणपतीपुळे इथे माणसं बुडण्याच्या घटना पुन्हापुन्हा घडल्या आहेत. तिथे जरूर जा, पुळणीवर (काठच्या वाळूवर) बसा, पण मुलांना पोहायला नेण्याची जागा म्हणून ते किनारे निवडू नका. उतार कसाही असला तरी खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या कडेला पाण्यात उतरायचं नाही.

पोचल्यावर कपडे बदलण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फेस नाही, पाणी गढूळ आहे, ही जागा शांत वाटते. प्रत्यक्षात आलेलं पाणी तिथूनच परत जात असतं. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं आणि मग लाटांबरोबर काठाला यायचं.

तारकर्ली-देवबागला स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करायचं असेल तर हिवाळा धरा. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर, बंद लावलेलं हवं. पायाशी ठेवलेलं चालणार नाही. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर वेळास किंवा आंजर्ले, साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. आदल्या दिवशी गावात फोन करून घरट्यांची चौकशी करा, आणि टॉर्च-फ्लॅश नको, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

गाडीने जाताना खाड्या लक्षात घ्या. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडीसकट फेरीबोट मिळते आणि मोठा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ मात्र निघण्याआधी विचारा. गाडी वाळूवर उतरवूच नका. सपाट पुळणीवर चाक रुतलं की भरती थांबत नाही, आणि खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलं की खर्च मोठा.

सामानात माणशी तीन लिटर पाणी, टोपी, रबरी तळाच्या चपला आणि सुटे पैसे घ्या, कारण छोट्या गावात नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. घरगुती खानावळीत किती ताटं, मासे की शाकाहारी, हे सकाळीच सांगा. मासळी बाजारातून आणून मग रांधतात. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत लपलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकतं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका. आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली असू द्या: पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे तळपायाला चिकटले तर साबणाने हलत नाहीत, तेलाने निघतात.